केसरच्या गादीतली हवा

श्री बल्लाळेश्वर प्रसन्न

रेवदंड्याची खाडी, माघ शुद्ध ६, शके १८५४

राजमान्य राजेश्री रावजीदादा यांस, तुमच्या बहिणीचा नवरा धर्माजी याचा वाकवेल तितकं वाकून नमस्कार. (जास्त वाकवत नाही. कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच.) तुमची तब्येत बरी असेल. वहिनींच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधा म्हणून मागं सांगितलं होतं, तो बांधला असेल, आणि बांधला नसेल तर आता तरी बांधा. उत्सवाची गर्दी अजून ओसरली नसणार. तुमचं घर देवळाला लागून, त्यामुळे दरवर्षी माघी चतुर्थीला अर्धा सुधागड तालुका तुमच्या ओटीवर पथारी टाकतो हे मला ठाऊक आहे. त्यात आमची केसरही पोचली असेल. ती उत्सवाला आले म्हणूनच सांगणार, आणि ते काही खोटं नाही. माहेरच्या देवाच्या उत्सवाला बाईमाणसानं जाऊ नये असं मी कधी म्हटलेलं नाही. फक्त एवढंच मनात येतं, दादा, की उत्सवाला जाणारी बाई ट्रंक नेते, लुगडी नेते, फार तर आपली विळी नेते. पण देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा कुणी नेतं का हो? लग्नात माहेराहून आलेली अन्नपूर्णा तिनं उचलली, पदरात गुंडाळली आणि खाडीवरच्या पडावात जाऊन बसली. तिच्या जागी देव्हाऱ्यात वाटोळा डाग तेवढा राहिला आहे.

तेव्हा आधीच स्पष्ट करतो की हे पत्र तिला परत बोलावण्यासाठी नाही. मी तसा माणूस नाही. ती यायची तेव्हा येईल. हे पत्र एवढ्यासाठी, की तुमच्या कानावर एकच बाजू जाऊ नये. (मध्येच उठून खाडीवर जाऊन आलो. ओहोटीबरोबर रोह्याकडचे पडाव उतरतात. एक उतरला, त्यात कौलं होती.)

हे सगळं सुरू झालं गवतापासून. तुम्ही आमच्या शेठची गवताची वखार पाहिली आहे. पूर्वी आम्ही मोकळं गवत पडावात भरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचो. डोलकाठीच्या निम्म्यापर्यंत गवत, तांडेलाला पुढचं काही दिसायचं नाही, आणि वारा सुटला की गवत पडावाला नेतंय की पडाव गवताला हेच समजेना. गेल्या दिवाळीत शेठनं गवत दाबायची प्रेस आणली. माणसाहून उंच लाकडी खोका, त्यावर लोखंडी मळसूत्र, त्याला आडवा दांडा. खोक्यात तोंडापर्यंत गवत भरायचं आणि चार गड्यांनी दांडा धरून तेलघाण्याच्या बैलासारखं गोल फिरायचं. वरची फळी करकरत खाली जाते, आणि माझ्या डोक्याच्याही वर असलेलं गवत माझ्या गुडघ्याशी येऊन बसतं. मग लोखंडी पट्ट्या आवळायच्या की झाली गाठ. मी मुकादम, माझं काम नुसतं उभं राहून ओरडायचं. पण पहिल्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मी विचार करत होतो की उरलेलं गवत गेलं कुठं? काडी तर एक बाहेर पडली नाही. वजनही तेवढंच. म्हणजे गेली ती हवा! इतकी वर्षं आम्ही मुंबईच्या घोड्यांना निम्म्याहून जास्त वारा विकत होतो, आणि घोड्यांनी कधी तक्रार केली नाही.

दादा, एकदा ही गोष्ट डोक्यात शिरली की माणसाला चैन पडत नाही. घरी आलो तर जिकडं बघावं तिकडं हवाच हवा. तुम्हांला आमचं घर माहीत आहे, दोन खण आणि एक पडवी. त्यात भाताची कणगी, नारळांचा ढीग, सोललेल्या सोडणांचा ढीग, सुपाऱ्या, जाळी, माझ्या बापाचं तुटकं सुकाणू. चालायचं तर कडेकडेनं चालावं लागतं. मी आयुष्यभर कुरकुरत आलो की घर लहान आहे. त्या संध्याकाळी कळलं की घर लहान नाही, सामान फुगलेलं आहे! मी केसरला बसवून सगळं समजावलं. म्हटलं, या कणगीत निम्मी हवा, त्या पोत्यात निम्मी हवा, तुझ्या ट्रंकेत तर लुगडी कमी आणि हवाच जास्त. तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काढा की सगळी हवा. मग श्वास कशाचा घेणार हाय?" बायकांचं हे असं असतं. शास्त्राचं बोलायला जावं तर त्या नाकावर येतात.

तरी मी थांबलो नाही, कारण मला थांबता येत नाही, हे तुम्ही लग्नाच्या बैठकीतच ओळखलं होतं. (तेव्हा मी सात वेळा उठलो असं तुम्ही सगळीकडं सांगता. तसं नव्हतं, बैल सुटला होता.) पहिला प्रयोग खोबरेल तेलावर केला. दीड डबा तेल होतं. म्हटलं दीड डब्याचा एक डबा करू, तेवढीच एका डब्याची जागा मोकळी. रॉकेलच्या डब्याच्या तोंडात बसेल असा फणसाच्या लाकडाचा दट्ट्या केला, डबा काठोकाठ भरला आणि वर बसलो. काही नाही. जोर केला. काही नाही. आता गवतानं जिथं मान टाकली असती तिथं हे तेल हूं की चूं करेना! मग मी उभा राहिलो आणि नाचलो. तेल तसूभर दबलं नाही, दादा, पण डब्याची शिवण खालून फाटली आणि सगळं तेल माझ्या धोतरातून, पडवीतून, अंगणातून तुळशीपर्यंत गेलं. नंतर आठवलं की मराठी सहावीच्या पुस्तकात हे होतं: वायू दाबला की आकसतो, पाणी दाबलं तर काही केल्या आकसत नाही, वाट मात्र शोधतं. त्या दिवशी शाळेत मी गैरहजर नव्हतो, पण खिडकीशी बसलो होतो. केसर एवढंच म्हणाली की तुळशीला पाणी घालतात. पुढं आठवडाभर आम्ही दोघंही घरात भिंतीला धरून चालत होतो.

इथवर ती रागावली नव्हती, हे ध्यानात ठेवा. ती रागावली सोनाबाईपासून. सोनाबाई म्हणजे आमच्या कोळीवाड्यातली सुकी मासळी विकणारी. तिचा आवाज पलीकडच्या काठावर जातो आणि परत येताना थोडा वाढून येतो. आमच्या इथं सुका जवळा मापानं विकतात, आणि त्या मापाचा एक रिवाज आहे, जो कुठं लिहिलेला नाही पण मोडलेला कुणी ऐकला नाही. विकणारीनं माप भरताना जवळा बोटांनी एकदा फुलवायचा. घेणाऱ्यानं ते बघायचं आणि न बघितल्यासारखं करायचं. मग विकणारीनं वरून एक मूठ जास्त घालायची, आणि घेणाऱ्यानं "बाई, हात आखडू नकोस" असं म्हणायचं. मापाला हात लावायचा नाही. माझी आई याच रिवाजानं जवळा घेत आली, केसर याच रिवाजानं घेत आली. मी त्या दिवशी केसरबरोबर बाजारात गेलो आणि बरोबर दट्ट्या नेला.

सोनाबाईनं माप फुलवून भरलं. मी दट्ट्या काढला आणि दाबला. माप निम्म्यावर आलं! मी शांतपणे म्हटलं, बाई, ही निम्मी तर हवा होती, आता जवळा भर. तिनं पुन्हा फुलवून भरलं, मी पुन्हा दाबलं. तिसऱ्या खेपेला तिचा बांध फुटला. "मुकादमा, हात काढ! मापाला हात लावाचा न्हाय! मी फुलवीन, तू दाबशील, मंग बाजार उठंल कवा? तुज्या आयशीनं कदी लावला का रं हात?" आजूबाजूच्या साऱ्या जणी उठून उभ्या राहिल्या. मी माप पालथं केलं, तर त्यातून जवळा निघालाच नाही. निघाला भुगा. म्हणजे बघा, तेल दबत नाही, गवत दबतं, आणि जवळा मोडतो. प्रत्येक वस्तूचा स्वभाव निराळा, हे शास्त्र मला तिथं भर बाजारात कळलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं, हे चुकलं. त्या दिवसापासून आमच्या दारात एकही कोळीण टोपली उतरवीना. महिना झाला, दादा, घरात मासळीचा वास नाही. तुमची बहीण पालीची, लग्नाआधी तिनं ओली मासळी क्वचित पाहिली. पण आता तिला बोंबलाशिवाय भात घशाखाली उतरत नाही. तिनं पडवळ खाल्लं, भोपळा खाल्ला, आणि माझ्याशी बोलणं निम्म्यावर आणलं. (पुन्हा खाडीवर जाऊन आलो. दोन पडाव. एकात बाया होत्या, पण त्या चौलला उतरणाऱ्या निघाल्या.)

आता गादीचं. हे लिहिताना मात्र हात जड होतो, कारण ती गादी जिनं केली ती केसरची आई, तशी तुमचीही आईच. सासूबाईंनी तुमच्या डोंगरातल्या सावरीची बोंडं दोन उन्हाळे वेचली, बिया काढल्या, आणि लेकीला खाडीकाठी दमट हवेत झोपावं लागणार म्हणून ती गादी भरून दिली. सावरीचा कापूस साधा नसतो. हातात घेतला तर हातात काही आहे असं वाटत नाही. ती गादी गुंडाळली तरी अर्धा खण खायची. मी रोज तिच्याकडं बघायचो आणि मला झोप यायची नाही. म्हणजे यायची तीही तिच्यावरच, पण विचारानं उडायची. सगळ्या घरात सर्वात जास्त हवा कशात असेल तर त्या गादीत! शेवटी एका दुपारी प्रेसवरचे गडी भाकरी खायला बसले, केसर विहिरीवर गेली होती, आणि मी गादी, दोन उशा आणि गोधडी डोक्यावर घेऊन वखारीत गेलो. गडी मला नाही म्हणत नाहीत, मुकादम आहे मी. पाच फेऱ्यांत ती गादी पाटाएवढी झाली. पाटाएवढी, दादा! वर टिचकी मारली तर लाकडासारखी वाजली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोखंडी पट्ट्या शेठ मोजून ठेवतो म्हणून मी घरचं सुंभ वापरलं, आपल्याच नारळांच्या काथ्याचं, खाडीत कुजवून वळलेलं. मला त्या सुंभाचा फार अभिमान होता.

घरी आणून मी ती गाठ पडवीत ठेवली, वर सतरंजी घातली. बसायला झकास चौरंग झाला. केसरनं येऊन पाहिलं, गादी कुठं म्हणून विचारलं, मी सतरंजी उचलून दाखवली. तिनं गाठीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "दिवेलागणीच्या आत सोडा ती." मी सोडणारच होतो. पण तेवढ्यात तुमच्या चौलच्या मनुबाई मावशी आल्या.

मावशींचा देह तुम्ही जाणता. त्या आल्या, इकडंतिकडं बघितलं, घरात एकच बसायला सोयीची जागा दिसली आणि तिथं बसल्या. मला उलट बरं वाटलं, म्हटलं वरून आणखी वजन पडतंय, पक्की बसेल गाठ. मावशींनी पानपुडा काढला, अडकित्ता काढला, सुपारी कातरू लागल्या. आता आपल्या कोकणातल्या बायकांचं तुम्हांला सांगायला नको. काथ्याचा एवढासा तुकडा मोकळा दिसला की त्यांना राहवत नाही. तो घरी न्यायचा, खुंटीला अडकवायचा, कधीतरी कामाला येतो. मावशींना सतरंजीखालून सुंभाचं एक टोक लोंबताना दिसलं. त्यांनी ते बोटानं ओढून पाहिलं. चांगलं होतं. माझ्याशी बोलता बोलता, माझ्या डोळ्यांदेखत, त्यांनी अडकित्त्यानं ते कातरलं.

आधी एक बारीक टण्ण आवाज झाला. मी "मावशी, उठा" म्हणालो असेन. मग दुसरा वेढा तुटला, तिसरा तुटला, आणि मावशी वर गेल्या. घाबरू नका, खाली आल्या. नारळांच्या ढिगाच्या अलीकडं, सोडणांवर आल्या, आणि अडकित्ता हातातच होता. पण गादी! महिनाभराचा राग साठवल्यासारखी ती उठली, अभ्रा उभा फाटला, आणि पडवीत एकदम कापूसच कापूस. मावशी दिसेनात. मी दिसेना. आमटीचं पातेलं उघडं होतं, त्यात तो उतरला. आणि दुपारचा खारा वारा सुटलेला. त्यानं तो सगळा उचलला आणि दाराबाहेर नेला. केसर सूप घेऊन धावली. सुपानं ती कापूस अडवायला जायची आणि सुपाच्याच वाऱ्यानं तो आणखी उडायचा. नारळीच्या झावळ्यांत, कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलांवर, खाडीच्या पाण्यावर, सगळीकडं पांढरं. मी तर, दादा, तुम्हांला खरं सांगतो, एक क्षण टाळ्या वाजवणार होतो. एवढीशी गाठ आणि तिच्यात केवढं! मग मी केसरकडं बघितलं.

ती अंगणात उभी होती, सूप खाली टेकलेलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आयच्या हातचं व्हतं." बस, एवढंच. मावशींना पाणी दिलं, त्यांच्या पाठीला तेल चोळलं, चूल केली. दुसऱ्या दिवशीच्या भरतीला ती गेली. अन्नपूर्णेचं वर लिहिलंच आहे.

तेव्हापासून मी कापूस गोळा करतो आहे. काठीला काटेरी फांदी बांधून झावळ्यांतला ओढतो. चौथ्या माडावर शिडी सरकली आणि कंबर धरली. शेठ म्हणतो रजा घे, मी म्हणतो घरी बसून काय करू. काल सोनाबाई आली. महिन्याभरात पहिल्यांदा टोपली उतरवली. मला वाटलं मासळी. पाहतो तर टोपलीभर सावरीचा कापूस, सगळ्या कोळणींनी बोंबलांवरनं वेचलेला, बोटांनी फुलवून फुलवून भरलेला. मी आत बघू लागलो तर म्हणाली, "दाबू नको हां आता." आणि गेली. मी तो दाबला नाही. नवा अभ्रा आणला, कापूस भरला, दाभणानं शिवला. गादी निम्मीच भरली आहे, आणि तिला सुक्या बोंबलांचा वास येतो, पण गादी आहे.

वहिनींना नमस्कार, पोराटोरांना आशीर्वाद. माझं काही फारसं म्हणणं नाही. कागद संपत आला, लोभ आहे तेवढा राहू द्या.

आपला,
धर्माजी

ता. क. एक मागणं आहे. चैत्रात सावरीची बोंडं फुटली की पिशवीभर कापूस पाठवाल का? सासूबाई ज्या झाडाची वेचायच्या ते झाड अजून असेल तर त्याच झाडाचा. पिशवी ढिली भरा. ती आणायला कुणी येणार असेल तर तो माणूस कोण असावा हे मी सुचवत नाही.

ता. क. दुसरा. वर मी लिहिलं की हे पत्र तिला बोलावण्यासाठी नाही. ते खोटं आहे, दादा. तिला पाठवा. मी आजवर ओरडत आलो की घरात जागा नाही. ~~आता दोन खणांत इतकी जागा झाली आहे की मला रात्री कुठं निजावं कळत नाही. ती नाही तर मला इथं करमत नाही, मुळीच करमत नाही.~~ काय सांगायचं ते तिला तुमच्या शब्दांत सांगा.

ता. क. तिसरा. माघ शुद्ध ७. पत्र टपालात टाकायला निघालो आणि दारात केसर. ट्रंकेसकट. मी बोलावलं म्हणून नाही, हे तिनं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. राग मानू नका, पण ती म्हणते तुमच्याकडं उत्सवाला एवढी माणसं होती की एका खोलीत अकरा जणी निजल्या. एकीनं कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागायची, आणि तिच्या डाव्या हाताला मनुबाई मावशी होत्या. म्हणाली, गादी तरी सुटली की फुगली, दाबलेला माणूस फुगत न्हाय. म्हणून निघून आली. तुम्हांला हे कळवू नका असंही म्हणाली, तेव्हा मी कळवलेलं नाही.

गादीचा वास घेऊन तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि उद्या सोनाबाईकडं जायचं ठरवलं. मी बरोबर जायचं नाही. मग विचारलं, दादाला काय काय लिहिलंत? मी चुलीपाशी बसून सगळं वाचून दाखवलं. तेलाला हसली, मावशी वर गेल्या तिथं पदर तोंडात घातला. दुसऱ्या ता. क. ला हसली नाही. लाकूड सारत राहिली. मग म्हणाली, "त्या ओळी दादाला कशाला धाडता? खोडा. त्या माज्या हायेत."

खोडल्या आहेत. पण टाक बारीक आणि शाई पातळ, तेव्हा दिसल्याच तर कृपा करून वाचू नका.